शब्बाथचं दुपारचं जेवण पाच-सहा घरांनी मिळून करायचंय, कसं जमवावं?

वालपापडी

नमस्कार मंडळी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, राहायला ठाण्यात. शब्बाथ म्हणजे आमचा शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्रीचा विश्रांतीचा दिवस, त्यात विस्तव-दिवा लावायचा नाही, स्वयंपाक करायचा नाही. शुक्रवारी संध्याकाळी टेंभी नाक्याजवळच्या शाआर हाशामाइम सिनेगॉगमध्ये तेफिला (प्रार्थना) झाली की जो तो आपापल्या घरी जातो. शनिवारी सकाळीही तेच. बरेच दिवस मनात घोळतंय की महिन्यातून एकदा तरी शनिवारचं दुपारचं जेवण पाच-सहा घरांनी एकत्र घ्यावं.

कारण सांगते. आमच्यातल्या पुष्कळ घरांतली मुलं इस्राएलला गेली. इथे आईवडील दोघंच, किंवा दोघांतलं एक. सिनेगॉगच्या पायऱ्या उतरताना एका काकूंना सहज विचारलं, आज जेवायला काय केलंत? म्हणाल्या, "दहीभात. एकटीसाठी कोण कोंबडी आणणार, मीठ लावणार, वाटण वाटणार?" या त्याच काकू, ज्यांच्या हातचा रस्सा खायला आम्ही लहानपणी भांडायचो. त्या दिवशी मला घरी जेवण गेलं नाही.

आता अडचणी. पहिली, हॉटप्लेटवर रस्सा रात्रभर राहिला की फुटतो. वर तेलाचा थर, खाली नारळाचा चोथा. तिथे तुम्ही काय करता? दुसरी जास्त नाजूक आहे. मांस आणि दूध एकत्र खायचं नाही, पण या नियमांची प्रत्येक घरची पाळणूक वेगळी. एका घरी मांसाची आणि दुधाची भांडी, सुऱ्या, घासण्यासुद्धा वेगळ्या, दुसऱ्या घरी तेवढं कडक नाही. सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायचा म्हटलं तर कुणाच्या डब्याला कुणी हात लावणार नाही, आणि एवढ्या प्रेमाने आणलेला डबा तसाच परत गेला तर ते माणूस पुन्हा येणार नाही. तिसरी, माझ्या मुलांना वेणीचा खल्ला (शब्बाथचा पाव) हवाय, व्हिडिओत बघितलेला. सासूबाई म्हणतात, आपल्याकडे चपातीवरच हमोत्सी (जेवणाआधीची भाकरीवरची प्रार्थना) होते. आणि चौथी, शेजारची माझी मैत्रीण आपल्यातली नाही, पण तिला यायचंय. ती विचारतेय, काय आणू?

जाणत्यांनी सांगा. माणसं बारा ते पंधरा होतील.

अलिबागआत्या

वालपापडी बाळा, तुझं वाचलं आणि लगेच लिहायला बसले. मी अलिबागच्या इस्राएल आळीत वाढले, मागेन आबोथ सिनेगॉगच्या सावलीत. आजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी बैल गोठ्यात आणि घाणा बंद. गावात आम्हाला शनवार तेली म्हणत, ते याच कारणाने. तेव्हा शब्बाथच्या जेवणावर मला बोलू दे.

तुझी दुसरी अडचण आधी घेते, कारण ती सुटली की बाकीच्या आपोआप सुटतात. पातेलं एकाच घरी चढव. ज्या घरची पाळणूक सगळ्यांत कडक, ते स्वयंपाकघर धर. ज्याला कडक हवं तो निर्धास्त जेवतो, आणि ज्याला तेवढं नको त्याचंही काही जात नाही. बाकीच्यांनी डबा आणायचा नाही, हात आणायचे. शुक्रवारी सकाळी त्या घरी येऊन बसायचं, निवडायचं, सोलायचं, वाटायचं. ज्यांना येणं जमत नाही त्यांनी अख्खी फळं आणावीत, काकड्या, लिंबं, मनुका, नारळ. न चिरलेल्या फळाला कुणाचं घर आडवं येत नाही. म्हणजे "तुमच्या घरचं नको" हे वाक्य बोलायची वेळच कुणावर येत नाही.

आणि त्या दहीभातवाल्या काकूंना शनिवारच्या जेवणाचं आमंत्रण देऊच नकोस. शुक्रवारी सकाळी दहाला बोलाव. सांग, "काकू, वाल सोलायला माणूस कमी पडतंय." बघ कशा येतात. एकट्या माणसाला पाहुणा म्हणून ताटावर बसायचा संकोच होतो. कामाला बोलावलं की हक्काने येतो.

म्हणून माझा आग्रह, वालाचं बिरडं कर. बुधवारी रात्री कडवे वाल भिजत घाल. गुरुवारी सकाळी उपसून फडक्यात बांध, शुक्रवारी सकाळी नखाएवढे मोड आलेले असतील. कोमट पाण्यात टाकायचे, साल फुगते. मग एकेक वाल अंगठा आणि पहिल्या बोटात धरून मोडाच्या बाजूने किंचित दाबायचा, डाळिंबी टुणकन बाहेर. दोन वाट्या वालांना चार बायका बसल्या तर गप्पांत काम उरकतं, एकटीने करायचं तर कंबर मोडते. आमच्याकडे बिरडं म्हणजे उपास सोडायचं अन्न. तिशा बाव, बिरड्याचा रोजा, त्या दिवशी जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोक पाळून संध्याकाळी आम्ही बिरड्यावरच उपास सोडायचो. पण शब्बाथलाही ते शोभतं, कारण त्यात दुधाचं काही नाही, मांसाचंही नाही, कशाहीबरोबर चालतं. डाळिंब्या मोडू देऊ नकोस. आलं-लसूण, हिंग, हळद, गूळ, चार आमसुलं आणि शेवटी ओलं खोबरं. सोलणं मात्र शुक्रवारीच. शब्बाथला सालं काढत बसता येणार नाही.

आता रस्सा. फुटतो तो नारळाच्या दुधाने. रात्रभर ठेवायच्या भांड्यात दूध घालूच नये. त्यापेक्षा सुकं खोबरं आणि कांदा चांगला खरपूस भाजून, धणे-खसखस-मिरची घालून बारीक वाटण वाट. ते रात्रभर मंद आचेवर राहिलं तरी रस्सा धरून राहतो, उलट मुरतो. रस्सा नेहमीपेक्षा पातळ ठेव, रात्रीत आटणार आहे. बटाटे मोठे घाल, फोडी अर्ध्याच. कोंबडीऐवजी बोकडाचं मटण मिळालं तर जास्त चांगलं. कोंबडी रात्रभरात हाडांपासून सुटून लगदा होते, मटण टिकतं. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावायच्या आत सगळं पूर्ण शिजलेलं हवं, आणि एकदा शब्बाथ लागला की चमचा घालून ढवळायचं नाही.

मीठ लावायचं तुम्हा नव्या मुलींना माहीत असेलच, तरी लिहिते, कारण मिळून स्वयंपाक करताना घाईत हेच राहून जातं. शोहेतने, म्हणजे आपल्या नियमाने कापणाऱ्याने, कापलेलं मांस असलं तरी रक्त काढायचंच. आधी अर्धा तास पाण्यात. मग निथळून जाड मीठ सगळ्या बाजूंनी चोळून उतरत्या फळीवर तासभर, म्हणजे पाणी आणि रक्त वाहून जाईल. मग तीनदा स्वच्छ धुवायचं. कलेजी या पद्धतीने होत नाही, ती विस्तवावर धरून भाजावी लागते, म्हणून या जेवणातून ती वगळ. आणि मांस असं मिठातून निघालेलं असतं, तेव्हा रश्श्यात मीठ घालायच्या आधी चाखून बघ.

खल्ल्याचं नंतर लिहिते, डोळे दुखायला लागले.

अश्दोदकर

वालपापडीताई, शालोम. आमच्या घरचे पेणचे, आता आम्ही अश्दोदला. इथे शब्बाथला सिनेगॉगमध्ये सगळे मिळून बसतो, त्यामुळे आत्यांनी जे सोडलं तेवढंच लिहितो. ते यंत्रांचं आहे.

हॉटप्लेट, आम्ही तिला प्लाता म्हणतो, शुक्रवारी सूर्यास्ताआधी चालू करायची आणि मग हात लावायचा नाही. टायमर लावायचा असेल तर तोही आधीच. पातळ पदार्थ पहिल्यापासून प्लातावरच असू द्या. रस्सा फ्रिजमध्ये ठेवून शनिवारी गरम करायला ठेवला तर तो पुन्हा शिजवणं होतं, ते चालत नाही. कोरड्या पदार्थांबाबत मोकळीक जास्त आहे, पण त्यातही मतं वेगवेगळी असल्यामुळे तुमच्या हज्जानना (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना) एकदा विचारून घ्या. रात्रभर गॅस बारीक ठेवायचा विचार असेल तर नका करू, बंद फ्लॅटमध्ये ते धोक्याचं आहे. इलेक्ट्रिक प्लाताच घ्या.

फ्रिजमधला दिवा. दार उघडलं की लागतो, म्हणजे तुम्ही तो लावला. शुक्रवारी दुपारी बल्ब काढून ठेवा, नाहीतर बटणावर चिकटपट्टी लावा. ही बाब लोक विसरतात आणि मग शनिवारी मासे आत आणि माणसं बाहेर उभी.

शुक्रवारी रात्रीसाठी भात गरम हवा असेल तर सूर्यास्ताआधी कढत भात कॅसरोलमध्ये भरून गोधडीत गुंडाळून ठेवता येतो. गोधडी स्वतः उष्णता देत नाही, असलेली राखते, म्हणून ती चालते. पण गुंडाळायची शब्बाथ लागायच्या आधी. शनिवारी दुपारपर्यंत मात्र तो कोमटही राहणार नाही.

आणखी दोन गोष्टी. शब्बाथला रस्त्यावरून काही उचलून न्यायचं नसतं, एरूव्ह (वस्तीभोवतीची ठरवून घातलेली हद्द) असेल तरच. तुमच्याकडे तो नसेल तर फळंसुद्धा शुक्रवारीच जेवणाच्या घरी पोचली पाहिजेत. आणि जेवण तळमजल्यावर किंवा फार तर पहिल्या मजल्यावर ठेवा. जे लिफ्ट वापरत नाहीत ते सातव्या मजल्यावर चढणार नाहीत, आणि तुम्ही ज्यांच्यासाठी हे करताय त्यांचेच गुडघे दुखतात.

इथल्या आमच्या पोरांना मोरोक्कोच्या शेजाऱ्यांचं हमीन आवडतं. गहू, बटाटे, चणे, अख्खी अंडी आणि मांस एका पातेल्यात रात्रभर. चांगलं लागतं, मीही खातो. पण शनिवारी दुपारी दार उघडताच भाजलेल्या खोबऱ्याचा वास आला तरच मला घरी आल्यासारखं वाटतं. ते सोडू नका.

पाटावरवंटा

खल्ल्यावर माझं मत देतो. मुलांना हौस असेल तर करा, त्यात वाईट काहीच नाही. पण सासूबाई बरोबर आहेत. वेणी ही अट नाही. अट आहे ती दोन अखंड भाकऱ्यांची. रानात इस्राएल लोकांना मान्ना (आकाशातून पडणारं अन्न) शुक्रवारी दुप्पट मिळत असे, शनिवारी पडत नसे, म्हणून शब्बाथच्या प्रत्येक जेवणाला दोन. दोन अखंड चपात्या फडक्याखाली झाकून ठेवल्या, किद्दूश (द्राक्षारसाच्या पेल्यावरची प्रार्थना) झाला, हात धुतले, हमोत्सी म्हणून मिठात बुडवून वाटल्या, झालं.

एक मात्र लक्षात ठेवा. कोकणातल्या घरात पहिला हात तांदळाच्या भाकरीकडे किंवा घावनाकडे जातो. त्यावर हमोत्सी होत नाही. ती गहू, जव अशा ठरावीक पाच धान्यांच्या भाकरीवर होते, तांदूळ त्यात नाही. तेव्हा हमोत्सीला गव्हाच्या चपात्या आणि रश्श्याबरोबर हवं तर तांदळाचं. पंधरा जणांसाठी चपात्या शुक्रवारी करून ठेवल्या तर शनिवारपर्यंत चामट होतात. कणकेत तेल थोडं जास्त आणि पाणी कोमट घ्या, भाजून झाल्या की सुती फडक्यात बांधून डब्यात. तूप लावू नका, जेवण मांसाचं आहे.

वालपापडी

आत्या, तुमचं वाचून काकूंना फोन केला. मी वाल म्हणायचा अवकाश, त्या म्हणाल्या, "कडवे घेतलेस ना? गोडे नको आणूस." आणि मग अर्धा तास त्याच मला सांगत होत्या की आमसुलं कधी घालायची. शुक्रवारी दहाला नाही, नऊलाच येणार आहेत.

अश्दोदकरदादा, तळमजल्याचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक कुटुंब आहे, त्यांचं स्वयंपाकघर माझ्याहून कडक. विचारलं, आनंदाने हो म्हणाले.

पण आत्या, पुढचं लिहा ना. मासे करू का? गोड काय करू? आणि किद्दूशला बाजारातलं वाइन की घरचं सरबत?

अलिबागआत्या

सरबत. विचारायचं काय त्यात? कोकणात आमच्या आज्यांनी कधी बाटली बघितली नव्हती, काळ्या मनुकांवरच किद्दूश केला. अर्धा किलो मनुका स्वच्छ धुवून गुरुवारी रात्री बेताच्या पाण्यात भिजत घाल. पाणी मनुकांच्या वर दोन बोटं, त्याहून जास्त नको. नुसतं रंगीत पाणी झालं तर त्यावर द्राक्षारसाची बेराखा (आशीर्वादाची प्रार्थना) कशी म्हणायची? शुक्रवारी सकाळी त्याच पाण्यात एक उकळी आण, निववून हाताने कुस्कर, पातळ धुतलेल्या फडक्यातून पिळून घे. साखर घालू नकोस, वेलची घालू नकोस. मनुका चांगल्या असतील तर रंग गडद येतो आणि घशाला किंचित आंबट लागतं. शब्बाथला काहीही पिळायचं नसतं, म्हणून हे शुक्रवारचंच काम. तसंच काकडीवरचं लिंबू. रस आधी काढून बरणीत ठेव.

मासे कर, नक्की कर. खवले आणि पंख दोन्ही असलेलेच. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, मोरी आपल्या घरात येत नाहीत, हे शेजारच्या मैत्रिणीलाही आधी सांगून ठेव. कोकणी माणूस प्रेमाने कोळंबीच आणतो. पापलेट छान, पण पंधरा माणसांचं पापलेट म्हणजे महिन्याचा खर्च. मी रावस घेते. त्याचे काटे मोठे आणि मोजके, शुक्रवारीच काढून टाकता येतात. शब्बाथला ताटात बसून ढिगातून काटे वेगळे काढत राहणं बरं नाही, आणि म्हाताऱ्यांच्या घशाचीही काळजी घ्यायला हवी. हळद, मीठ, आमसुलाचं पाणी आणि हिरवं वाटण लावून तेलात तळ. गार रावस गरमपेक्षा उणा लागत नाही. तळल्यावर जाळीवर निववून मगच डब्यात भर, नाहीतर खालचा थर ओला होतो.

मासे आणि मांस एका ताटात नको. आधी मासे आणि चपाती, मग ताटल्या उचल, पाण्याचा घोट, चपातीचा तुकडा, आणि मग रस्सा. जेवण यामुळे सावकाश होतं, आणि मला तर तेच आवडतं. मधल्या वेळात कुणी गाणं म्हणतं, कुणी इस्राएलहून आलेला फोटो कसा होता ते सांगतं. फोन बंद असतात, त्यामुळे फोटो दाखवता येत नाही, वर्णनच करावं लागतं. माझ्या बहिणीने एकदा नातवाच्या नाकाचं जे वर्णन केलं, ते ऐकून मूल डोळ्यांसमोर उभं राहिलं.

गोड. मांसावर दूध नको, म्हणून खीर, बासुंदी, आइस्क्रीम सगळं बाद. चिकाचा हलवा कर. आपल्याकडे तो रोश हशानाचा, नव्या वर्षाचा, पण शब्बाथला कुणी अडवत नाही. गहू तीन दिवस पाणी बदलत भिजवायचे, वाटायचे, पिळून पांढरा चीक काढायचा. तो रात्रभर निवू दिला की चीक तळाला बसतो, वरचं पाणी ओतून टाक. मग नारळाचं दाट दूध, साखर, किंचित मीठ, आणि जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर घोटत राहायचं. घोटणं मोठं आहे, हात बदलावे लागतात. कडेने सुटू लागला, चमच्याला चिकटेना झाला की वेलची-जायफळ घालून ताटात थाप, वर बदाम-पिस्ते. गार झाला की वड्या पाड. हा शुक्रवारी सकाळी नको, गर्दी होईल. गुरुवारी रात्री कर. तुझ्या मुलांना घोटायला बसव, खल्ल्याची हौस इथे भागेल. बाजारात तयार चीक मिळतो, पण त्यात काय घातलंय ते बघून घे.

कुणी मलिदा करायचं सुचवेल. मलिदा मला जिवाभावाचा. पोहे, ओलं खोबरं, साखर, सुकामेवा, भोवती फळं मांडलेली, आणि एलियाहू हानाबीचं (एलिया संदेष्ट्याचं) नाव. पण तो नवसाचा आहे, लग्नाचा आहे, उपकार मानायचा आहे. त्याला त्याचा दिवस राहू दे. दर महिन्याच्या जेवणात गोड म्हणून वाढू नकोस.

आणि जेवणावर चहा कोरा. चहाचा अर्क शुक्रवारीच काढून ठेव, गरम पाणी बंबात. दुधाचा चहा मागतील सगळे, देऊ नकोस.

शेजारीण_डोंबिवली

मी तुमच्यातली नाही, सीकेपी आहे, पण प्रश्नातला चौथा मुद्दा माझाच वाटला म्हणून लिहितेय. आमच्या शेजारी बेने इस्राएल कुटुंब आहे आणि त्यांच्याकडे शनिवारी मी अनेकदा जेवलेय. बिरडं आमच्याही घरचं, त्यामुळे त्यांच्या आजींचं आणि माझं वाल सोलण्यावरून छान जमलं.

मी काय शिकले ते सांगते. फळं किंवा फुलं न्यायची, आणि ती शुक्रवारी दुपारी पोचवायची. फुलं त्यांनी दिवे लावायच्या आधी पाण्यात ठेवलेली बरी. घरी केलेलं काही न्यायचं नाही. मन मोठं करून करंज्या घेऊन गेलात तर त्यांना खाता येत नाहीत आणि नाकारताही येत नाहीत, बिचारे संकोचतात. त्यांच्या घरात अंधार झाला तर आपण पुढे होऊन "मी लावते दिवा" म्हणायचं नाही. त्यांच्यासाठी आपल्याकडून काम करवून घेणंही त्यांना चालत नाही. अंधार झाला तर अंधारात बसायचं. फोन पर्समध्ये, आवाज बंद. आणि प्रार्थना चालू असताना बोलायचं नाही, उभे राहिले तर आपणही उभं राहायचं. सरबताचा पेला तेच भरून देतात, आपण ओतायला पुढे व्हायचं नाही.

तुमच्या मैत्रिणीला एवढंच सांगा. पहिल्या वेळी मीही घाबरत गेले होते, पण आजींनी ताट वाढताना विचारलं, "आमसूल जास्त लागतं का तुला?" आणि मग भीती राहिली नाही.

अश्दोदकर

एक सुचवतो. दुपारच्या जेवणाचा पसारा सुरुवातीला जड वाटला तर तिसरं जेवण एकत्र करा. शब्बाथला तीन जेवणं आहेतच. शुक्रवारी रात्री, शनिवारी सकाळच्या तेफिलेनंतर, आणि शनिवारी दिवस कलताना. तिसरं हलकं असतं. चपाती, गार मासे, काकडी, उकडलेली अंडी, फळं. ते सिनेगॉगमध्येच होऊ शकतं. मग तारे दिसले की हावदाला (शब्बाथ सुटल्याची प्रार्थना) होते आणि लोक रिक्षाने घरी जाऊ शकतात. जे लांब राहतात आणि शब्बाथला वाहन वापरत नाहीत, त्यांचा प्रश्न मात्र यानेही पूर्ण सुटत नाही. त्यांना शुक्रवारीच कुणाकडे तरी मुक्कामाला ठेवून घ्यावं लागेल.

वालपापडी

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं. गुरुवारी रात्री तळमजल्यावरच्याच घरी हलवा, मुलं घोटणार. शुक्रवारी सकाळी नऊला तळमजल्यावरच्या घरी सहा जणी, काकूंकडे बिरडं आणि आमसुलांचा अखेरचा निर्णय, माझ्याकडे मटणाला मीठ लावणं आणि रस्सा. दोघी भाऊबंदांतल्या जावा रावस आणि चटणी करणार. सासूबाई चपात्या. मुलं एक छोटा खल्लाही करणार, सासूबाईंनीच परवानगी दिली, त्याच घरच्या ओव्हनमध्ये. मैत्रीण फळं आणि झेंडू घेऊन शुक्रवारी चारला येईल. हिवाळा आहे, सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, दिवे त्याच्या अठरा मिनिटं आधी, म्हणून पाचपर्यंत सगळं आटोपायचं ठरवलंय.

काही राहिलंय का?

अलिबागआत्या

राहिलंय. भात. पंधरा जणांना भात कुणाकडे? आणि पाच नको, साडेचार धर. शेवटचा अर्धा तास कुणाचा तरी कुकर खोळंबतोच.

खर्चाचे पैसे गुरुवारीच गोळा कर. शनिवारी कुणी पाकीट काढलं तर सगळ्यांची पंचाईत. ताटांऐवजी पत्रावळी आण. त्या घरातल्या मांसाच्या ताटल्या पंधरा जणांना पुरणार नाहीत, आणि दुसऱ्या घरची ताटं आणली की पुन्हा कुठलं ताट कशाचं, हा घोळ. शिवाय शब्बाथला त्याच दिवशी लागणार असेल तेवढंच भांडं धुवायचं असतं, म्हणजे पातेली रात्रीपर्यंत तशीच भिजत राहतील. तळमजल्यावरच्या बाईंच्या एकटीच्या गळ्यात ती टाकू नका. तारे दिसल्यावर दोघीजणी परत जा.

उरलेलं वाटून देणार असशील, आणि द्यायलाच हवं, तर डबे आणि त्यांवरच्या नावांच्या चिठ्ठ्या शुक्रवारी दुपारीच तयार ठेव, शनिवारी लिहिता यायचं नाही. डबे न्यायचे ते शब्बाथ सुटल्यावर. काकूंचा डबा तूच पोचव, त्या मागायला येणार नाहीत. त्यात रस्सा जास्त घाल आणि बटाट्याची एक मोठी फोड.